बर्फवाला पाहिजे!

आपल्याकडे बर्फवाला म्हटला, की भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी, हातगाडीवरची किसणी आणि लाल-पिवळ्या सरबताच्या बाटल्या डोळ्यांपुढे येतात. तो बर्फ घेऊन येतो आणि आपण त्याला पैसे देतो. आमच्या मुलखातल्या बर्फवाल्याचे सगळेच उलटे. बर्फ आभाळातून फुकट येतो. तो दारात राहू नये म्हणून पैसे मोजायचे! आणि खिशात पैसे घेऊन उभे राहिले तरी माणूस मिळत नाही, अशी आमच्या घराची पंचक्रोशीत ख्याती आहे.

‘आमचा मुलूख’ म्हणजे न्यूयॉर्क राज्य. गगनचुंबी इमारतींचे ते न्यूयॉर्क शहर नव्हे. त्याच्या वायव्येला सुमारे अडीचशे मैलांवर सिरॅक्यूज नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेच्या डोंगरउतारावर आमचे बिऱ्हाड. गेल्या खेपेला या सदरात मी इथल्या थंडीचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा एका वाचकभगिनीने विचारले होते, की इतका बर्फ खरोखरच पडतो, की लेखकमहाशय थोडे तिखटमीठ लावतात? बाईसाहेब, आकडेच सांगतो. सिरॅक्यूजला एका हिवाळ्यात सरासरीने सव्वाशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. मुंबईचा सबंध पावसाळा नव्वद इंचांच्या आगेमागे असतो, तेव्हा आकडा फार मोठा वाटणार नाही. पण पाऊस पडतो आणि गटाराने समुद्रात जातो. बर्फ पडतो आणि तिथेच बसतो. जावयासारखा. मार्च संपेपर्यंत हलण्याचे नाव नाही.

याचे कारण उत्तरेकडचे ओंटारिओ सरोवर. कॅनडातून येणारा कोरडा, गार वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून वाहत येतो, वाटेत बाष्प पिऊन घेतो आणि काठावर येताच ते बर्फाच्या रूपाने टाकून देतो. शेजारचे ईरी सरोवर उथळ. थंडी वाढली की त्याचे पाणी बरेचसे गोठते आणि तिकडचा जोर कमी होतो. ओंटारिओ पडले आठशे फूट खोल. ते सहसा सगळे गोठत नाही, त्यामुळे त्याचे दुकान हिवाळाभर उघडे. शिवाय हा बर्फ सरसकट पडत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. एका गावात दोन फूट थर आणि चार-पाच मैलांवर लख्ख ऊन! हा पट्ट्यांचा प्रकार वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्यावरून माझे भांडण व्हायचे आहे.

इथल्या लोकांनाही या प्रकाराचे हसू येते, एरवी रडू येईल म्हणून. १९९२ च्या मार्चमध्ये सिरॅक्यूजच्या नगरसभेने रीतसर ठराव केला, की यापुढे २४ डिसेंबरपर्यंत शहरात बर्फ पडणे बेकायदेशीर आहे. निसर्गाने ठरावाचा मान असा राखला, की पुढच्याच म्हणजे १९९२-९३ च्या हिवाळ्यात १९२ इंच बर्फ पडला. तो विक्रम अजून अबाधित आहे. नगरसभांचे ठराव आणि त्यांची अंमलबजावणी यांचे नाते सगळ्या जगात सारखेच दिसते.

आता आमच्या घराविषयी. सार्वजनिक रस्त्यापासून घरापर्यंत जी खाजगी वाट असते तिला इकडे ‘ड्राइव्ह-वे’ म्हणतात. सखल वस्तीत ती वीस-पंचवीस फुटांची असते. तिथला बर्फ घरधनी फावड्याने किंवा हातातल्या यंत्राने अर्ध्या तासात उडवून न्याहारीला बसतो. आमची वाट दोनशे फूट लांब. रुंदी जेमतेम दहा फूट. खालच्या रस्त्यापासून घरापर्यंत पंचवीस फूट चढ, म्हणजे आठाला एक. बोरघाटात आगगाडीला सदतिसाला एक चढ आहे, तर तिला मागून ढकलायला जादा इंजिने लागतात, हे ध्यानात घ्या. वर चढताना डाव्या हाताला दगडी बांध, उजव्या हाताला उतरण. मध्यावर एक जुना मेपल वृक्ष उभा आहे, त्याला वळसा घालावा लागतो. मेपलपर्यंत डांबर आहे आणि त्याच्या वर नुसती खडी. उतार उत्तरेकडचा, त्यामुळे हिवाळ्यातला तिरपा सूर्य तिथे पोचतच नाही. एकदा गोठलेले महिनोन् महिने तसेच. ऑक्टोबरात त्या मेपलची पाने लाल-केशरी झाली, की येणाजाणारे मोटारी थांबवून छायाचित्रे घेतात. डिसेंबरात कोणी थांबत नाही.

वाट साफ नसली तर काय बिघडते? एखाद्या दिवशी घरी बसावे, भजी तळावी, असे पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात आपण करतोच. पण आमच्या सौ. एका रुग्णालयात परिचारिका आहेत. सकाळी सातला त्यांची पाळी सुरू होते. रात्रपाळीची बाई यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असते आणि खाटेवरच्या रोग्याला बर्फाचे कारण सांगता येत नाही. म्हणजे सौ.ची मोटार पावणेसहाला खालच्या रस्त्याला लागली पाहिजे. मोटार आदल्या रात्री खालीच ठेवावी म्हणाल, तर हिवाळ्यात रात्री रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायला मनाई आहे, कारण गावाचा नांगर फिरतो.

दुसरी गोष्ट आईची. तिला चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली. हृदय अशक्त आहे, पायांवर सूज येते. २०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, आमच्या पश्चिमेला बफेलोला हिमवादळ झाले. त्यात अग्निबंब आणि रुग्णवाहिकासुद्धा रस्त्यात अडकल्या, आणि त्या एका जिल्ह्यात चाळिसाहून अधिक माणसे दगावली. त्यातली काही केवळ मदत पोचू शकली नाही म्हणून गेली. ती बातमी दूरचित्रवाणीवर चालू असताना आई काही बोलली नाही. फक्त खिडकीशी जाऊन आमची वाट वरपासून खालपर्यंत न्याहाळून आली. मी ते पाहिले.

मग मी स्वतः फावडे का घेत नाही? हिशेब करून पाहा. दोनशे फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट जाड थर म्हणजे दोन हजार घनफूट. अगदी भुसभुशीत ताजा बर्फ घनफुटाला सहा-सात पौंड भरतो. म्हणजे झाले तेरा-चौदा हजार पौंड. शंभर किलोची साठ पोती! ओला बर्फ याच्या दुप्पट-तिप्पट. आणि हे एका वादळाचे. थंडीने रक्तवाहिन्या आखडलेल्या, पहाटेचे अंग जड, त्यात दम कोंडून फावड्याने ओझे उचलायचे. या देशात दर हिवाळ्याला कितीतरी माणसे फावडे हातात असतानाच हृदयविकाराने कोसळतात. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. आमच्या डॉक्टरांनी मला तपासून सांगितले, “फावडे घ्यायला हरकत नाही, पण आधी विमा पाहून घ्या.” डॉक्टरांचा विनोद करण्याचा हक्क कायद्याने काढून घेतला पाहिजे.

तेव्हा बर्फवाला पाहिजे, हे ठरले. इकडे हा धंदा बहुतेक जोडधंदा असतो. उन्हाळ्यात गवत कापणारे, घरांची छपरे घालणारे, शेती करणारे हिवाळ्यात आपल्या पिकअप ट्रकपुढे साडेसात-आठ फुटांचे पोलादी पाते लावतात आणि पहाटे तीनपासून दारोदार फिरतात. दर दोन तऱ्हांचे. एक खेपेवारी, म्हणजे जितक्यांदा येईल तितके पैसे. दुसरा हंगामी, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल एकरकमी, बर्फ पडो की न पडो. हंगामी करार म्हणजे दोघांनी मिळून खेळलेला जुगारच. बर्फ थोडा पडला तर गिऱ्हाईक हळहळते, फार पडला तर बर्फवाला. ही सौदेबाजी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकावी लागते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला बायका चकलीची भाजणी विचारतात आणि पुरुष कोपऱ्यात दबक्या आवाजात विचारतात, “तुमचा माणूस यंदा नवी घरे घेतोय का हो?” चांगला बर्फवाला आणि चांगली मोलकरीण, दोन्ही माणसे शेजाऱ्यांपासून लपवून ठेवण्याची असतात.

मी अकरा जणांना फोन केले. पहिले चौघे “खडी” हा शब्द ऐकताच गप्प झाले. खडीवर पाते टेकवून चालवले तर बर्फाबरोबर खडीही खरवडून निघते आणि वसंतात ती हिरवळीतून वेचत बसावे लागते. दोघांनी चढ ऐकून नमस्कार केला. एक गृहस्थ आले. खालच्या रस्त्यावर ट्रक उभा करून, इंजिन चालू ठेवून, काचेतूनच त्यांनी वर पाहिले आणि बसल्या जागेवरून किंमत सांगून टाकली. ते ट्रकमधून उतरलेच नाहीत. मुलगी पाहायला येऊन अंगणातूनच होकार देणाऱ्यासारखा तो प्रकार वाटला. मी म्हटले, कळवतो.

शेवटी दोघे तरणेबांड भाऊ मिळाले. ट्रक कोरा, पाते नवे, बोलणे गोड. खेपेला पन्नास डॉलर, तीन इंच पडला की यायचे, अशी बोली झाली. डिसेंबरात तीनदा आले. बर्फ खालून वर ढकलू लागले, तो मेपलशी अडायचा, मग तिथेच कडेला ढीग. जानेवारी उजाडेपर्यंत दहा फुटांची वाट सात फुटांची झाली, कारण कडेचे ढीग गोठून दगड झाले होते आणि नव्या बर्फाला जागाच उरली नव्हती. एका रात्री आमच्याकडे नऊ इंच पडला आणि कोणी फिरकेना. फोन केला तर थोरले बंधू म्हणाले, “विमानतळावर तर दोनच इंच नोंदलाय.” विमानतळ शहराच्या उत्तरेला, आमचा डोंगर दक्षिणेला, मधे तो पट्ट्यांचा खेळ! मी म्हटले, “बाबा रे, माझी बायको विमानातून कामावर जात नाही.” ते आले, रागारागाने वर चढले आणि वळणावर ट्रक घसरून उजवीकडच्या उतरणीत गेला. तो काढायला दुसरा ट्रक आणावा लागला. त्यानंतर त्यांचा फोन कधी उचलला गेला नाही. पैसे खेपेवारी होते म्हणून बुडाले नाहीत इतकेच. उरलेला हिवाळा मी आणि मुलाने पाळीपाळीने दोन चाकोऱ्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. सौ. पहाटे साडेचारला उठत आणि टॉर्च घेऊन खाली पाहून येत.

पुढच्या सप्टेंबरात आमच्या टपालवाल्या बाईंनी एका म्हाताऱ्याचे नाव सुचवले. दीड मैलावर राहणारा, सत्तरीचा शेतकरी. गाई विकून टाकल्या, ट्रॅक्टर ठेवला. फोनवर त्याने किंमत सांगितलीच नाही. म्हणाला, “आधी पाहतो.”

तो आला तो पायी. हातात काठी. खालच्या मोरीपासून वाट चढू लागला. दर दहा पावलांवर काठी खडीत खुपसून पाही. वर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, “बर्फ ठेवायचा कुठे?”

अकरा जणांपैकी एकानेही मला हे विचारले नव्हते. सगळ्यांनी विचारले, वाट किती लांब आहे. वास्तविक बर्फ काढणे हा या कामाचा अर्धाच भाग. काढलेल्या बर्फाला सबंध हिवाळा पुरेल एवढी जागा देणे हा उरलेला अर्धा. चढाची वाट वरून खालीच साफ करावी लागते, पण खाली सार्वजनिक रस्ता. त्यावर बर्फ लोटणे कायद्याने मना. डावीकडे बांध, तिकडे लोटता येत नाही. उजवीकडे उतरण, पण तिच्याखाली आमची मैल्याची टाकी पुरलेली. तिच्यावर जड ढीग किंवा चाक येता कामा नये. हे सगळे म्हाताऱ्याने माझ्याकडून काढून घेतले. विहीर कुठे, हे विचारले, कारण मीठ टाकले तर ते मुरून विहिरीत उतरते. घर तापवायचा गॅस ज्या टाकीत येतो ती कुठे, हे विचारले, कारण वाट मोकळी नसली तर गॅसची गाडी वर येत नाही. मग खिडकीत बसलेल्या आईकडे पाहून म्हणाला, “या बाई किती वर्षांच्या?”

मी सांगितले.

तो पूर्वी गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलात होता. त्याने गॅरेजपुढचे अंगण पावलांनी मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि म्हणाला, “रुग्णवाहिकेला इथे वळता आले पाहिजे. तो कोपरा मी हिवाळाभर रिकामा ठेवीन. तिथे तुमची दुसरी मोटार ठेवायची नाही. कबूल?” मी कबूल म्हटले. आमच्या चिरंजीवांची मोटार त्या दिवसापासून बेघर झाली.

त्याच्याकडे पाते नव्हते. ट्रॅक्टरच्या मागे लावायचा ब्लोअर होता. पाते बर्फ ढकलते. ब्लोअर तो फिरत्या मळसूत्रांनी आत ओढतो आणि धुराड्यासारख्या नळीतून वीस-तीस फूट लांब भिरकावतो. त्यामुळे कडेला भिंती तयार होत नाहीत; टाकीच्या पलीकडच्या झाडीत बर्फ थेट जाऊन पडतो. असे यंत्र क्वेबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ साली बनवले आणि १९२७ साली मॉन्ट्रियलशेजारच्या उत्रमाँ गावाला ते विकले. त्याला ही कल्पना मळणीयंत्रावरून सुचली म्हणतात. मी हे आईला सांगितले, तेव्हापासून घरात म्हाताऱ्याचे नाव ‘मळणीवाला’ पडले. दाणे आणि भुसा वेगळे करणाऱ्या यंत्राचा उपयोग घर आणि रस्ता जोडायला व्हावा, याची तिला मोठी गंमत वाटते.

करार एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर झाला. हंगामाचे चौदाशे डॉलर, तीन हप्त्यांत, पहिला डिसेंबरात. माझ्या एका मित्राने साडेसातशेत दुसरा माणूस आणून देतो म्हणून सांगितले होते. मी त्याचे आभार मानले. बर्फ मोजायचा तो आमच्या गॅरेजसमोर, विमानतळावर नव्हे. दोन इंच झाला की पहिली फेरी, आणि पावणेसहाच्या आत. पडतच राहिला तर दिवसातून पुन्हा. गावाचा नांगर रस्ता साफ करताना आमच्या तोंडाशी जो घट्ट, चिखलमिश्रित बांध घालून जातो, तो काढणेही यातच. या बांधाचा उल्लेख नसलेले करार मी पाहिले आहेत. वाट आरशासारखी लख्ख आणि तोंडाशी तीन फुटांची भिंत, असा त्यांचा परिणाम होतो. ट्रॅक्टर बिघडला तर कोण येणार, त्याचा फोन क्रमांक त्याने मागल्या बाजूला लिहून दिला. बांधाचा दगड निखळला तर भरपाई त्याची, पण खुणेच्या काठ्या रोवलेल्या असतील तर. नसतील तर माझी. विम्याचा कागद त्याने न मागता दाखवला.

मीठ मात्र टाकणार नाही म्हणाला. साधे मीठ पारा उणे नऊ-दहा अंशांखाली गेला की जवळजवळ निकामी होते, आणि आमच्याकडे पहाटे पारा त्याच्या खाली जाणे नवलाचे नाही. शिवाय विहीर. त्याऐवजी वळणावर जाड वाळू. आणि खडीबद्दल त्याचा उपाय तर मला फारच आवडला. पहिल्या एक-दोन वेळचा बर्फ तो खडीवरून काढतच नाही. ट्रॅक्टरने चेपून ठेवतो. तो थर गोठून खडी जागच्या जागी धरून बसतो आणि पुढचे सगळे काम त्या थरावरून चालते. आम्ही शेणाने अंगण सारवायचो, त्याची मला आठवण झाली.

खुणेच्या काठ्या जमीन गोठण्यापूर्वी ठोकाव्या लागतात, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास. चार फुटांच्या, नारिंगी रंगाच्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी आणि चिरंजीव हातोडा घेऊन वीस काठ्या ठोकत होतो. संध्याकाळी सौ.ने प्रत्येक काठीपाशी एक पणती ठेवली. वाऱ्याने निम्म्या विझल्या. खालून जाणाऱ्या एका मोटारवाल्याने मात्र थांबून पाहिले.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री अडीच वाजता आईला श्वास लागला. पलंगावर उठून बसली, पाठ भिंतीला टेकली तरी हवा पुरेना. ओठ काळसर. बाहेर पाहिले तर गॅरेजचा दिवा दिसत नव्हता, इतका बर्फ. झोपण्यापूर्वी वाट साफ झाली होती. आता पुन्हा फूटभर. मी ९११ ला फोन केला. सौ. आईला धरून बसल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, “अहो, मळणीवाल्याला करा फोन. आधी त्याला करा.” त्याने पहिल्याच घंटेला उचलला. मी वाक्य पुरे करण्यापूर्वी म्हणाला, “निघालो.”

वीस मिनिटे म्हणजे किती असतात, ते त्या रात्री कळले. सौ. आईच्या कानाशी एक-दोन-तीन-चार मोजत होत्या, तिने त्या लयीत श्वास सोडावा म्हणून. मी खिडकीशी. आधी खाली ट्रॅक्टरचा पिवळा दिवा फिरताना दिसला. मग त्याच्यामागे रुग्णवाहिकेचा तांबडा. म्हाताऱ्याने तिला खाली थांबवले नाही. त्याने ट्रॅक्टर उलटा करून ब्लोअर पुढे घेतला आणि चाकांना साखळ्या लावलेला तो ट्रॅक्टर मागे मागे चढू लागला. बर्फाचा फवारा उजवीकडे झाडीत जात होता आणि रुग्णवाहिका त्याच्या दिव्याच्या मागोमाग माणूस चालावा तितक्या वेगाने वर येत होती. वळणावर तो क्षणभर थांबला, उतरला, बादलीतली वाळू दोन हातांनी पसरली, पुन्हा चढला. गॅरेजपुढे तो कोपरा होता. रुग्णवाहिका तिथे वळली.

आईला घेऊन जाताना त्याने टोपी काढली होती. डोक्यावर बर्फ साठत होता. मी काही बोलायला गेलो, तर हाताने खाली जा म्हणून खूण केली आणि ब्लोअर पुन्हा सुरू केला, कारण सौ.ला मागून मोटार घेऊन यायची होती.

फुप्फुसांत पाणी साठले होते. औषधांनी ते उतरले. आई सहा दिवसांनी घरी आली, ती येताच तिने विचारले, “अरे, त्या मळणीवाल्याला चहा तरी विचारलास का?” मी म्हटले, विचारला होता, पण तो कॉफी पितो. त्यावर ती म्हणाली, “मग कॉफी का नाही विचारलीस?” तिच्यापुढे बोलण्यात अर्थ नसतो.

हंगामाच्या शेवटी मी त्याला त्या रात्रीचे वेगळे पैसे देऊ केले. त्याने पुठ्ठा काढला, त्यावर बोट ठेवले. “पडतच राहिला तर पुन्हा. लिहिलेले आहे.”

यंदा सप्टेंबरात तो आला, पुन्हा वाट पायी चढला, पुन्हा काठी खुपसली. दर पंधराशे केला आहे, डिझेल महागले म्हणून. बरोबर त्याची नात होती, विशी-बाविशीची. तो मेपलपाशी थांबून तिला दाखवत होता, ब्लोअरची नळी कुठे वळवायची आणि टाकीची हद्द कुठे संपते. मी विचारले, “पुढच्या वर्षी या येणार काय?” तो म्हणाला, “या वर्षीपासूनच. मी शेजारी बसणार.” नातीने मला दोन प्रश्न विचारले: सौ.ची पाळी अजून सातचीच आहे का, आणि आजींची खोली कोणती.

आईने तिच्यासाठी चकलीचा डबा वेगळा काढून ठेवला आहे. चिरंजीव काठ्या आणायला गेले आहेत. या वर्षी वीस नव्हे, चोवीस हव्यात म्हणून नातीने सांगितले आहे, चार नुसत्या वळणासाठी.